जेवण कधी हाय?

मागच्या महिन्यातली गोष्ट. तशी सांगण्यासारखी काहीच नाही, पण डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसलोय. आमच्या ऑफिसात दर महिन्याच्या आठ-दहा तारखेला वसुलीची मीटिंग असते. परभणीत वसमत रोडला खाली गोडाऊन आणि वर पत्र्याचं ऑफिस, बियाणं आणि खताचं होलसेल. मे महिन्यात पत्रा असा तापतो की कूलरची हवासुद्धा चुलीवरून आल्यासारखी लागते. पुण्याचे झोनल साहेब आता स्वतः येत नाहीत, लॅपटॉपमध्ये येतात, आणि आम्ही सात-आठ जण त्या एका लॅपटॉपपुढं लग्नातल्या फोटोसारखे दाटीवाटीनं बसतो. कुणाकडं किती थकलं, का थकलं, कधी देतो म्हणाला, हेच तासभर. त्या दिवशी साहेब चांगलेच रागावले आणि मग एकदम शांत झाले, आणि ती शांतता मला सोसंना म्हणून मी सवयीनं म्हणालो, "तात्या, तुमचं काय म्हणणं?" अकाउंटवाल्या तात्यांनी रजिस्टरातून मान वर केली आणि नेहमीच्याच सुरात, 'कधी'वर जोर देऊन म्हणाले, "जेवण कधी हाय?" सगळे हसले, लॅपटॉपमधले साहेबपण हसले, मीटिंग सुटली.

नंतर खाली गेलो तर तात्या गोडाऊनच्या सावलीत स्कूटीला टेकून उभे, हातात मोबाईल, आणि त्याच्याकडं असं बघायलेत जसं दूध उतू जाईल म्हणून बाई पातेल्याकडं बघती. विचारलं तर म्हणाले, "नांदेडहून रिपोर्ट यायचाय. मानंत गाठ हाय, तुकडा काढून नेलाय तपासायला." मला काय बोलावं सुचेना. म्हणालो, "तात्या, मग मघाशी ते कशाला म्हणलात? मला डोळ्यानं खुणावायचं ना." तर म्हणाले, "म्हणावं लागतंय की. नाय म्हणलं तर सगळे इचारतेत काय झालं तात्या, काय झालं तात्या. तेच्यापरीस हे बरं." आणि स्कूटीला किक मारून गेले.

त्या 'तेच्यापरीस'वर मी अडकलो.

हा जोक तसा माझाच. म्हणजे वाक्य तात्यांचं, पण त्याचा जोक केला मी. दहा-बारा वर्षांखाली झोनल साहेब पहिल्यांदा पुण्याहून प्रत्यक्ष आले होते, भिंतीवर प्रोजेक्टर लावून आलेख दाखवायले होते, दुपारचे अडीच वाजत आले आणि साहेब म्हणाले, एनी क्वेश्चन? तेव्हा तात्यांनी हात वर करून खरोखर, अगदी साधेपणानं विचारलं होतं, जेवण कधी हाय. तात्यांना शुगर आहे, सकाळी गोळी घेतलेली असते, वेळेवर खाल्लं नाही की हात थरथरतात, हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. पुढं माहीत झालं तोवर जोक चालू लागला होता. पुढच्या मीटिंगला मी म्हटलं, मग तिसऱ्या, मग कुणाच्याही वाढदिवसाला, मग ऑडिटरसमोर. नवीन पोरगं कामाला लागलं की चार दिवसांत त्याला हे वाक्य येतं, तात्यांचं आडनाव यायला महिना लागतो.

आणि तात्या म्हणजे तेवढंच नव्हते हो. मी लागलो तेव्हा टॅली असूनही ते खतावणीच्या वहीवर बोट फिरवत हिशेब वाचायचे, तोंडानं पुटपुटत, आणि एकदा सेलूच्या डीलरच्या खात्यात अकराशे रुपयांचा फरक त्यांनी आकडे नुसते ऐकून पकडला होता, मी वाचत होतो आणि ते डोळे मिटून बसले होते, म्हणाले, "परत म्हण. मागचं." एकदा फेब्रुवारीत उरुसात सगळा स्टाफ गेला होता. आम्ही पाळण्यात बसलो आणि तात्या खाली उभं राहून हिशेब करायले, एका पाळण्यात चार, पाळणे सोळा, एक फेरी पाच मिनिटांची, डिझेल वजा, दोन पोरांची मजुरी वजा, आणि आम्ही चक्कर येऊन खाली उतरलो तोवर त्यांनी त्या पाळणेवाल्याची रात्रीची कमाई काढून ठेवली होती. हे मी आत्ता लिहितोय म्हणून आठवायलंय. मधल्या सात-आठ वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं.

त्या रात्री झोप येईना म्हणून मोबाईल काढला आणि 'द ऑफिस' लावलं, आठवा सीझन. आता तुम्ही म्हणाल कुठं परभणी अन् कुठं ते. पण ती मालिका माझी लई जुनी सोबत आहे. २०१६ ला जिओचं सिम आलं, डेटा फुकट झाला, आणि मी तेव्हा फिरतीवर असायचो, गंगाखेड, जिंतूर, पूर्णा, सेलू, हंगामात तर आठवड्यातले चार दिवस लॉजवर. लॉजच्या त्या खोल्या तुम्हाला माहीत असतील, भिंतीला हात लावला की चुना हाताला, उशीला दुसऱ्याच्या तेलाचा वास, आणि रात्री लाईट गेली की खिडकीतून डासांची वरात. तिथं पालथं पडून, कानात एकच चालणारा हेडफोन घालून, मी अमेरिकेतल्या स्क्रँटन गावच्या कागद विकणाऱ्या कंपनीतली माणसं बघायचो. कॅमेरावाले त्यांच्या ऑफिसावर माहितीपट काढायलेत, अशी ती मालिका. पहिले सहा भाग अजिबात आवडले नाहीत, साहेब फार लागट वाटला. मग दुसऱ्या सीझनला काहीतरी झालं, त्या साहेबाच्या, मायकल स्कॉटच्या डोळ्यात 'मला तुमच्यात घ्या ना' असं काहीतरी दिसायला लागलं आणि मी अडकलो. इंग्रजी अर्धं कळायचं, खाली अक्षरं वाचायचो. पण कळायला काय होतं त्यात? ते कागद विकतात, कुणालाच कागदाचं प्रेम नाही. आम्ही बियाणं विकतो. बाहेर बर्फ पडतो तेवढा फरक, आमच्याकडं पारा ४४ ला जातो.

तर आठव्या सीझनच्या सुरुवातीलाच एक भाग आहे, त्यात केविन, म्हणजे तिथला अकाउंटवाला जाडा माणूस, ठरवतो की आता कमी शब्दांत बोलायचं, वेळ वाचवायचा, आणि तुटकं तुटकं बोलायला लागतो, क्रियापदं गाळून, दोन वर्षांच्या लेकरासारखं. त्याचे तुकडे अजून मोबाईलवर फिरतात, लोक हसून लोळतात. मीपण पहिल्यांदा लई हसलो होतो. त्या रात्री हसू आलं नाही. मीटिंगमधला तो सूर कानात होता.

मी उठून बसलो आणि दुसरा सीझन लावला. त्यात मायकलच्या वाढदिवसाचा भाग आहे. साहेबाला वाटतं आज सगळ्यांनी आपल्यासाठी नाचावं, पण ऑफिसात कुणाचंच लक्ष नाही, कारण केविनची कातडीच्या कॅन्सरची तपासणी झालीय आणि आज रिपोर्ट यायचाय. ऑफिसातलीच जिम आणि पॅम दुकानात जाऊन त्याच्यासाठी त्याच्या आवडीचं खायला घेतात, काही बोलत नाहीत फारसं. आणि केविन नुसता बसलेला असतो. मंद आहे, बोलायला वेळ लावतो, पण त्या माणसाच्या आत एक खोली आहे आणि दार बंद आहे हे दिसतं. त्याच सीझनच्या शेवटी कसिनोच्या रात्री कळतं की हा गडी लास वेगासच्या पोकर स्पर्धेत जिंकलेला आहे, आणि लगेच फिलिसबाई, जिला किलवरला काय म्हणतात तेसुद्धा धड माहीत नाही, त्याला हरवते. त्याचा तो चेहरा बघा एकदा. आकड्यात हुशार माणूस आहे तो. अकाउंटंट आहे, शेवटी.

आणि शेवटच्या सीझनचा केविन? त्यानं हिशेब जुळवायला स्वतःचा एक खोटा आकडाच तयार केलेला असतो, केलेव्हन. इतकी वर्षं त्याच्यावर कंपनीचे हिशेब चाललेत. हसतात लोक. मी अकाउंटवाल्याच्या शेजारच्या टेबलावर बसतो, मला ते हसण्यासारखं वाटत नाही, असला माणूस पहिल्याच मार्च एंडला उघडा पडला असता.

ही मालिका कधी बिघडली यावर कुणाशीही बोला, उत्तर ठरलेलं. मायकल ऑफिस सोडून गेला, २०११ च्या एप्रिलमध्ये, तिथून. मान्य आहे, तो जातो तो भाग बघून मीही गंगाखेडच्या लॉजवर नाक शिंकरलं होतं. एअरपोर्टवर तो अंगावरचा माईक काढून कॅमेरावाल्यांच्या हातात देतो, मागून पॅम पळत येते, ते काय बोलतात ते आपल्याला ऐकूच येत नाही. त्याच्या जागेवर मग एकामागं एक साहेब आणून बसवले, विल फेरेल हा नट आला चार दिवस, जेम्स स्पेडर आला गूढ बोलत, आणि शेवटी ऑफिसातल्याच अँडीला बसवलं. आमच्याकडंही जुने साहेब अकोल्याला बदलून गेले तेव्हा सगळे असंच म्हणाले होते, आता मजा राहिली नाही. पण खरं सांगू का, मजा त्याच्या आधीच गेलेली होती, साहेब होते म्हणून कळत नव्हतं एवढंच. मालिकेतसुद्धा मायकल असतानाच्या शेवटच्या दोन-तीन सीझनमध्ये बघा, एकेका माणसाला एकेक गोष्ट वाटून दिलेली. स्टॅन्लीला शब्दकोडं, क्रीडला विचित्रपणा, मेरेडिथला दारू, केविनला खाणं. दार उघडलं, ती गोष्ट केली, दार बंद.

माझ्या धंद्यातलं सांगतो. सोयाबीनचं घरचं बियाणं शेतकरी दोन-तीन वर्षं वापरू शकतो, कपाशीसारखं दरवर्षी नवीन घ्यायची गरज नाही. पण पेरायच्या आधी उगवण बघावी लागते, ओल्या गोणपाटात शंभर दाणे ओळीनं ठेवायचे, गुंडाळायचं, पाणी शिंपडायचं, आठवड्यानं उघडून मोजायचं. सत्तरच्या वर कोंब आले तर पेर, नाहीतर नको. दाणा वरून तसाच दिसतो हो, पिवळाधमक, गोल. हातात घेऊन काही कळत नाही. ब्रिटिशांनी जे मूळ 'ऑफिस' केलं, रिकी जर्वेस आणि स्टीफन मर्चंट यांनी, ते १२ भागांत आटपलं, वर ख्रिसमसचे दोन खास भाग, २००१ ते २००३, खळं झाडून मोकळे. अमेरिकेनं तेच बी नेलं आणि २००५ ते २०१३, नऊ सीझन, २०१ भाग पेरले. एकेका वर्षाला बावीस, चोवीस, अठ्ठावीस. दर आठवड्याला बावीस मिनिटं हसवायचं म्हणजे गंमत नाही, लिहिणारीही माणसंच, त्यातली काही मधेच दुसरीकडं गेली. केली, रायन आणि टोबी ही पात्रं करणारे तिघं नट स्वतः लेखक होते, त्यांचंही पुढं पुढं सगळं विखुरलं. हिंदीतही आली होती २०१९ ला, फरिदाबादची कागद कंपनी करून, ती मी तीन भागांत सोडली, ते जाऊ द्या. पण आठव्या सीझनचे २४ भाग मी त्या रात्री मनातल्या मनात गोणपाटावर मांडले. किती उगवले विचारू नका.

अँडीचं तर मला वाईटच वाटतं. तिसऱ्या सीझनला आला तेव्हा भिंतीला बुक्की मारणारा, मग राग आवरायच्या क्लासला जाऊन आलेला, मग हळवा, गाणारा, मग साहेब, आणि नवव्या सीझनमध्ये अचानक बोटीवर बसून तीन महिने गायब, कारण नटाला सिनेमाचं शूटिंग होतं, आणि परत आला तो सगळ्यांवर डाफरणारा. एकच माणूस, पण लेखकांना त्या आठवड्याला जसा लागला तसा. आणि तो माईक धरणारा! आठ वर्षं कॅमेऱ्यामागं असलेली माणसं आपण कधी बघितली नव्हती, जिम नुसता त्यांच्याकडं बघून भुवई उडवायचा आणि ते आपल्यालाच बघितल्यासारखं वाटायचं. नवव्या सीझनला पॅम रडती आणि तो माईकवाला एकदम फ्रेममध्ये येऊन तिची समजूत काढतो. मला आमच्या गल्लीतल्या कीर्तनात मांडववाला मधेच उठून बुवांच्या शेजारी येऊन बसला होता ते आठवलं.

पण बघतो मी. तरी बघतो.

आमची आई रोज रात्री साडेआठला 'तारक मेहता' लावते. २००८ पासून चालू आहे, चार हजारांच्या वर भाग झाले, दयाभाभी २०१७ ला गेली ती काही परत आली नाही, तेव्हापासून दर महिन्या-दोन महिन्याला ती येणार येणार म्हणून आवई उठवतात आणि आई दर वेळी फसते. मी एकदा तोंड वाकडं करून म्हणालो, आई, यात आता काही राहिलं नाही गं, तेच तेच आहे. ती भाकरी थापत होती, परातीतून मान वर न करता म्हणाली, "तेच लागतंय की मग. रोज नवीन काय करायचंय?" बाबा गेल्यापासून संध्याकाळी घरात आवाज असावा एवढीच तिची मागणी. जेठालाल कुणावर तरी ओरडतोय आणि इकडं ठेच्याला तेल घातलेलं आहे, हे ऐकत ती जेवते, स्क्रीनकडं बघतेच असं नाही. मी गंगाखेडच्या लॉजवर पालथा पडून जे करायचो ते यापेक्षा काय वेगळं होतं, विचार केला तर सांगता येणार नाही. केविन हा माणूस आहे का नुसता जोक आहे हे मी तेव्हा कधी बघितलं होतं? आवाज पाहिजे होता. ओळखीचा.

आणि तात्या म्हणाले ते 'तेच्यापरीस हे बरं'. मी त्या रात्री स्वतःवर चिडलो होतो, की आपण एका माणसाला पार चपटा करून टाकला, एका वाक्याएवढा. पण नंतर वाटलं, त्या वाक्याच्या मागं तात्या इतक्या वर्षांत किती वेळा लपले असतील. पोरीचं लग्न मोडलं होतं तेव्हा? कोरोनात भाऊ गेला तेव्हा? तेव्हाच्या मीटिंगा मला आठवायच्या म्हटलं तर फक्त ते वाक्यच आठवतं, आम्ही हसलेलो आठवतं. म्हणजे लपणं चांगलंच जमलं होतं. यात बरं वाटून घ्यावं का वाईट, अजून ठरलेलं नाही माझं.

रिपोर्ट अकराव्या दिवशी आला. दुपारी फोन, तात्यांचा आवाज अगदी सपाट, "निगेटिव्ह आलाय." आणि मला, काय सांगावं, हसूच फुटलं, कारण त्या वाढदिवसाच्या भागात केविनपण असंच सांगतो, निगेटिव्ह, आणि मायकलला वाटतं की निगेटिव्ह म्हणजे वाईट, तो गळ्यात पडायलाच निघतो, मग त्याला सांगावं लागतं की बाबा, दवाखान्यात निगेटिव्ह म्हणजे चांगलं. तात्या म्हणाले, हसायला काय झालं? मी त्यांना सगळी कथा सांगितली, केविन, तपासणी, साहेब. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "येडं होतं का ते? आपल्याकडं कोरोनापासून लेकराला बी कळतंय." मग थोडं थांबून, "तेबी अकाउंटलाच होता म्हणतूस?" म्हटलं हो. "लग्न झालतं का त्याचं?" म्हटलं ठरलं होतं, मोडलं. तात्या फक्त 'हं' म्हणाले.

या महिन्यात मीटिंग नऊ तारखेला झाली. मृग लागलाय पण पावसाचा पत्ता नाही, डीलर माल उचलंनात, साहेब लॅपटॉपमधून पुन्हा तापलेले. पूर्णेच्या खात्याचा विषय निघाला तसं मी म्हणालो, साहेब, हे तात्यांना विचारा, त्यांना पाठ आहे. तात्या दचकलेच. मग चष्मा वर करून त्यांनी बोलायला सुरुवात केली, मागचा हंगाम, चेक कधी परत आला, किती आले, किती राहिले, सगळं न बघता. साहेबांनी मधेच म्यूट करून कुणाचा तरी फोन घेतला. तात्या त्या म्यूटवर बोलतच राहिले दोन मिनिटं, आम्हीही ऐकत राहिलो. मग शांतता झाली, तशीच, मागच्यासारखी. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं. काही बोललो नाही. एक वाजता मीटिंग संपली, साहेब गेले, पोरं खुर्च्या ओढत बाहेर पडली.

तात्यांनी रजिस्टर मिटलं, कपाटाला कुलूप लावलं, टेबलाखालून डबा काढला. जाता जाता माझ्या टेबलापाशी थांबले, डबा काखेत, आणि जरा नाराजीनंच म्हणाले, "आज इसरलास का रे?"